तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, किंग्जच का

बेळगावच्या वडगावात आमची मागांची शेड आहे. तिथले कारागीर विचारतात, शहापुरातले पाव्हणे विचारतात, परवा लग्नात तुम्हीही विचारलंत, "अमेरिकेतला कुठला तो संघ, सदा हरणारा. अजून त्योच बघूलालास व्हय? जिंकणारा एखादा धर की!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. म्हणून एकदा नीटच सांगतो.

संघ सॅक्रामेंटो किंग्ज. खेळ बास्केटबॉल. २००२ साली मी नववीतून दहावीत चाललो होतो. शाळेच्या मैदानात बास्केटबॉलचा एकच खांब होता आणि त्याच्या रिंगला जाळी नव्हती. खेळून आलं की तळहाताच्या रेषांत बसलेली तांबडी माती रात्री जेवतानाही दिसायची. मे संपताना कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी केबलवर किंग्ज आणि लेकर्स यांची मालिका बघायला मिळाली. सातातले चार जिंकायचे आणि फायनलला जायचं. क्रिस वेबर, माइक बिबी, पेजा स्टोयाकोविच, व्लादे दिवाच अशी किंग्जची मंडळी. चेंडू एकाच्या हातात फार वेळ राहतच नसे. मी तोवर असा खेळ पाहिला नव्हता.

चौथ्या सामन्यात शेवटच्या क्षणी किंग्ज ९९-९७ असे पुढे होते. दिवाचने रिंगजवळचा चेंडू हाताने बाहेर ढकलला, धोका टळावा म्हणून. तो गेला थेट रॉबर्ट ऑरीकडे. त्याने तिथूनच तीन गुणांचा फटका मारला आणि १००-९९. सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या शेवटच्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतर मिळणारे मोकळे फटके मिळाले, त्यावर लोक अजून भांडतात. मला मात्र सातवा सामना छळतो. घरचं मैदान होतं, ३० फ्री थ्रो मिळाले होते आणि त्यातले १४ किंग्जनी चुकवले. जादा वेळेत ११२-१०६ ने हरले.

फ्री थ्रोला आडवं कुणी येत नाही. फळ्यापासून पंधरा फुटांवर रेघ, हातात चेंडू, बाकी सगळे थांबलेले. दुसऱ्या दिवशी मी आमच्या खांबासमोर पंधरा फूट मोजले, काठीने रेघ ओढली आणि ३० मारले. अकरा गेले. मैदानात दुसरं कुणी नव्हतं, तरी हात थरथरत होते. त्या दिवसापासून किंग्ज माझे. जिंकणारे हात बघून छान वाटतं, पण ते चुकणारे हात मला ओळखीचे वाटले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. २००६ नंतर सलग १६ हंगाम प्लेऑफ, म्हणजे साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेऱ्या, नाहीत. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या बास्केटबॉल लीगमध्ये, इतका मोठा दुष्काळ दुसऱ्या कुठल्या संघाने काढलेला नाही. त्यांच्याकडे संध्याकाळी सातला सामना लागला की आपल्याकडे थंडीत सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, म्हणजे माग चालू करायची वेळ. मोबाइल आला तेव्हापासून तो कांड्यांच्या पेटीवर टेकवून ठेवतो. खडखडाटात कॉमेंट्री ऐकू येत नाही, आकडे तेवढे दिसतात. वर्षानुवर्षं मागे पडलेलेच आकडे. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, दुसरी निवड आमची होती. आम्ही मार्विन बॅगलीला घेतलं आणि पुढे मोठा तारा झालेला लुका डॉन्चिच पुढच्याच क्रमांकावर गेला. त्या सकाळी मी चहा तसाच ठेवून उठलो होतो.

कुणी म्हणतं, सीमाभागातल्या माणसाला वाट बघायची सवयच असते. हे मला पटत नाही. आमच्या आजोबांनी १९५६ पासून जी वाट पाहिली ती भाषेची होती, घरादाराची होती. तिला खेळाच्या पंगतीत बसवू नये.

पण २०१३ साली किंग्जना उचलून सिएटलला न्यायचं चाललं होतं, तेव्हा मात्र मला आमची गल्ली आठवली. तिथल्या दोन शेड बंद पडल्या, माग भंगारात वजनावर गेले. रिकाम्या शेडसमोरून जाताना अजून कान आवाज शोधतात. सॅक्रामेंटोला तेव्हा मोठा म्हणावा असा तो एकच संघ, १९८५ पासूनचा. लोक हटले नाहीत. महापौर केविन जॉन्सन, जे स्वतः एनबीएत खेळलेले, तेही उभे राहिले. शेवटी संघमालकांच्या मतदानात २२ विरुद्ध ८ असं ठरलं की संघ तिथेच राहणार. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांनी तो विकत घेतला. माझ्या लेखी किंग्जचा सगळ्यात मोठा विजय तोच.

ऑक्टोबर २०१९ मध्ये हेच किंग्ज मुंबईत वरळीला पेसर्सशी खेळायला आले. मी रात्रीच्या बसने गेलो. ५ तारखेला १३०-१०६ ने हरले. पण लाकडी फरशीवर बुटांचा तो चर्र आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. सामना संपल्यावरही बराच वेळ खुर्चीतून उठवेना.

आणि मग ३० मार्च २०२३. रामनवमी होती, माग बंद. सकाळी साडेसातला पोर्टलंडशी सामना. १२०-८० ने जिंकले आणि १६ हंगामांनंतर प्लेऑफ नक्की झाला! त्या वर्षी जिंकलं की त्यांच्या स्टेडियमवरून आभाळात जांभळा झोत सोडायचे. आईने सुंठवडा हातावर ठेवला आणि माझा चेहरा बघून विचारलं, "काय झालं रे?" मला लगेच बोलता आलं नाही. पहिल्याच फेरीत वॉरियर्सनी सातव्या सामन्यात हरवलं. स्टेफ करीने एकट्याने ५० गुण केले. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. मी शेवटचा सेकंद संपेपर्यंत बघितलं.

त्यानंतर पुन्हा उतरणच. डिसेंबर २०२४ मध्ये कोच काढला, फेब्रुवारीत आमचा मुख्य खेळाडू डी'एरन फॉक्स सॅन अँटोनिओच्या संघात गेला. जिंकणारा संघ धरायचा तर उद्याही धरता येईल. पण त्या नव्या संघाबरोबर त्या १४ चुकलेल्या फ्री थ्रोपासून कोण होतं? मी तर नव्हतो. ती रामनवमीची सकाळ मग कुठून आणायची?

'किंग्जच का' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला तो आमच्या जुन्या कारागीर मामांनी. सामना असला की आता धोट्यात कांडी घालता घालता ते माझ्याकडे बघून भुवया उडवतात. आवाजात बोलणं शक्यच नसतं, म्हणून किती गुणांनी मागे आहोत ते मी बोटांनी दाखवतो. मामा मान हलवतात, माग चालू करतात आणि थोड्या वेळाने परत भुवया उडवतात.