वारस दाखला आणि मागचा बाक

बाबा गेल्यावर घराच्या कागदांसाठी कोर्टाचा वारस दाखला लागेल, असं कळलं. बँकेतली ठेव असती तर १९२५च्या कायद्याखाली सक्सेशन सर्टिफिकेट. आमचं काम १८२७च्या मुंबई विनियम ८ वर चालणार होतं. म्हणजे एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाचा कायदा! वकिलांनी अर्ज, मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र लावलं. जाहीर नोटीस निघाली, हरकतीला एक महिना. कुणी फिरकलं नाही. आता सही तेवढी राहिली, असं मी धरून चाललो.

तारखेला साडेदहापासून मागच्या बाकावर बसलो. बोर्डावर ऐंशीच्या वर प्रकरणं. पहिला तास नुसता पुकारा. कुणाचा मुदतीचा अर्ज, कुणाचं समन्स बजावलंच गेलं नाही. न्यायाधीश मॅडम रोजनाम्यात, म्हणजे कामकाजाच्या नोंदीत, दोन ओळी घालून पुढची तारीख देत होत्या. मग बांधाच्या वादातला एक म्हातारा साक्षीला उभा राहिला. तो गावचा सगळा इतिहास सांगायचा, मॅडम त्यातलं कामाचं तेवढं उचलून स्टेनोला सांगायच्या. उलटतपासात म्हातारा भडकला, "मी कशापायी खोटं बोलू? माझ्या बापाचा बांध हाय तो!" कागदावर उतरलं, "हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे." मला हसू आवरेना. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

तेवढ्यात पोलीस रिमांडला आरोपी घेऊन आले आणि म्हाताऱ्याला बसवलं. तालुक्याला दिवाणी-फौजदारी खुर्ची एकच, आणि अटकेनंतर चोवीस तासांत आरोपी हजर करावा लागतो. मॅडमनी त्याला आधी विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार? मारहाण?"

आमचा पुकारा झाला तेव्हा चार वाजून गेले होते. फाइल त्यांनी वाचलेली होती, हे मला अनपेक्षित.

"मृत्यूच्या दाखल्यावर नावाला 'राव' आहे, उताऱ्यावर नाही. माणूस एकच ना?"

"हो मॅडम, गावात सगळे रावच म्हणायचे."

"मग तसं प्रतिज्ञापत्र द्या."

पुन्हा तारीख. बाहेर येऊन वकिलांवर चिडलो; खरं तर तो उतारा मीच आणून दिला होता. पुढच्या तारखेला मॅडम रजेवर. त्यापुढच्या तारखेला चार मिनिटांत आदेश.

नक्कल मिळाल्यावर आईनं चष्मा लावून आधी बाबांचं नाव वाचलं. दोन्ही नावं होती.

"आणि हे 'उर्फ' कोण?"