रोज रात्री बंद करत होते, तरी पीसी बंद होतच नव्हता

2025 च्या सप्टेंबरात नवा डेस्कटॉप घेतला, नाशिकच्या एमजी रोडवरून असेंबल करून. 16 जीबी रॅम, 512 ची एसएसडी, सगळं झकास. दुकानदाराने त्यात विंडोज 10 टाकून दिलं, मी म्हटलं अहो याचा सपोर्ट 14 ऑक्टोबरला संपतोय ना, तर म्हणे ताई तुमच्या अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरला दहाच बरं. मी घरूनच चार-पाच दुकानांच्या जीएसटीच्या एन्ट्र्या करते, म्हटलं असेल बाबा.

दिवाळी झाल्यावर मीच विंडोज अकरावर जायचं ठरवलं. आधी तर "हा पीसी चालणार नाही" असा मेसेज, तोही कोऱ्या करकरीत मशीनला! टीपीएम, म्हणजे अकराला लागणारी सुरक्षेची सोय, बंद होतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) शिरून इंटेल पीटीटी, म्हणजे इंटेलचं टीपीएम, ऑन केलं तेव्हा कुठे पुढे सरकलं. दीडेक तासात अपग्रेड झालं, फाईली जागच्या जागी, प्रिंटरही चालू.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेट गायब. मोबाईलवर वायफाय मस्त चालतंय आणि पीसीवर नुसता तो पृथ्वीचा गोळा. रीस्टार्ट केलं, आलं. तिसऱ्या दिवशी परत तेच, चौथ्या दिवशीही. आमच्या पाथर्डी फाट्याकडे कुंभमेळ्याच्या कामांमुळे रस्ते खणून ठेवले होते म्हणून मला आधी वाटलं केबललाच काहीतरी झालं असणार, पण मग मोबाईलला नेट कसं येतं हे डोक्यातच आलं नाही माझ्या. केबलवाला दादा आला, वायरचं टोक कापून नवीन क्लिप लावली, त्याच्या लॅपटॉपला लावून दाखवलं, "बघा ताई, लाईन ओके." दुकानदाराला फोन केला तर न बघताच सांगतो बोर्डाचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटची वायर लावायची जागा, गेला, 900 रुपयांचं कार्ड बसवावं लागेल. दोन महिन्यांच्या मशीनला! आणि इकडे 20 तारीख जवळ आलेली, जीएसटीचे 3बी रिटर्न भरायचे.

शेवटी जाऊबाईंच्या मुलाला फोन केला, तो पुण्याला असतो. त्याने एकच विचारलं, काकू, रीस्टार्ट केल्यावर कधी नेट गेलंय का? नाही, एकदाही नाही, रात्री शट डाउन करून सकाळी चालू केलं की जातं. मग म्हणाला उद्या सकाळी रीस्टार्ट करू नका, आधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा. बघितलं. पीसी चालू करून पाच मिनिटं झाली नव्हती आणि तिथे 22 तासांच्या वर आकडा! म्हणजे कालच्या सकाळच्या रीस्टार्टपासून मोजतोय.

तर हा फास्ट स्टार्टअपचा प्रकार. शट डाउन दाबलं की आपले प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा आतला गाभा ड्रायव्हरसकट डिस्कवर सेव्ह होतो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, त्यामुळे चालू पटकन होतं. लॅनचा ड्रायव्हर, म्हणजे तो पोर्ट चालवणारं सॉफ्टवेअर, त्यातून उठताना अडकत होता. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यावर पिवळा त्रिकोण आणि कोड 10, म्हणजे हे डिव्हाइस सुरूच होत नाहीये. रीस्टार्टला मात्र सगळं पहिल्यापासून लोड होतं.

खात्री म्हणून त्या रात्री शिफ्ट दाबून धरून शट डाउन केलं, तसं केलं की खरोखर पूर्ण बंद होतं. सकाळी नेट हजर!

मग कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटणाची सेटिंग. तिथे फास्ट स्टार्टअपची टिक करड्या रंगाची, कितीही क्लिक करा निघत नाही, पाच मिनिटं मी माऊसवरच चिडले. वर बारीक अक्षरात निळी ओळ असते, सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला अशा अर्थाची, ती आधी दाबायची, मग टिक निघते. नंतर मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून अकराचा लॅन ड्रायव्हरही टाकला. आता कदाचित ती टिक परत लावली तरी चालेल, पण मी काही हात लावणार नाहीये. चालू व्हायला आठ-दहा सेकंद जास्त लागतात, लागू देत.

परवा दुकानदाराचा फोन, ताई कार्ड मागवून ठेवलंय, कधी येताय?