ओबी हवीच

टोकियोतल्या ओचानोमिझू भागातल्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत मी आधी मुखपृष्ठाची डावी कड बघते. तिथे कागदाची उभी पट्टी आहे का? ती ओबी. एलपीच्या कव्हराभोवती ती गुंडाळलेली असते, सीडीच्या डबीवर कडेला घडी घालून बसवलेली. परदेशी कलाकाराच्या मूळ मुखपृष्ठाला धक्का न लावता जपानी गिऱ्हाइकाला नाव, कंपनीने रेकॉर्डला दिलेला क्रमांक, किंमत सांगायची ही सोय.

माझा जीव जडलाय तो किमतीवर. जपानात पुस्तकं आणि रेकॉर्ड ठरलेल्या किमतीलाच विकायला लावण्याची कंपनीला कायद्याने मुभा आहे, त्यामुळे आकडा छापूनच येतो. १ ऑक्टोबर १९८२ ला सीडी पहिल्यांदा जपानच्या दुकानांत आल्या. त्यांत अमेरिकन गायक बिली जोएलच्या 'फिफ्टी सेकंड स्ट्रीट'चा क्रमांक होता ३५डीपी १. यातले ३५ म्हणजे ३,५०० येन! पुढे ही सीडी काढणाऱ्या कंपनीच्याच इतर सीडींवर ३२डीपी दिसू लागतं, म्हणजे ३,२०० येन. सीडी स्वस्त होत गेल्याचा इतिहास असा क्रमांकातच वाचता येतो, आणि ओबीवर तो किमतीसकट शेजारीशेजारी छापलेला असतो.

पण कागद पातळ. घडीवर फाटतो, उन्हात लाल रंग आधी उडतो, आणि कित्येकांनी घरी नेल्यावर तो सरळ फेकून दिला. म्हणूनच ओबीसकट प्रत मिळाली तर लोक कितीतरी जास्त पैसे मोजतात. मीही मोजते, आनंदाने.

चीड येते ती फसवणुकीची. रंगीत झेरॉक्स काढून जुन्या एलपीला ओबी चढवतात, किंवा नंतरच्या आवृत्तीची ओबी पहिल्या आवृत्तीला लावतात. कंपन्या एलपीच्या धर्तीवर कागदी कव्हरातल्या छोट्या सीडी काढतात आणि त्यांना जुन्या ओबीची चिमुकली नक्कल देतात, ते मला मनापासून आवडतं. तिथे काही लपवलेलं नसतं. विकत घेताना एवढं कराच: ओबीवरचा क्रमांक कव्हरावरच्या आणि तबकडीवरच्या क्रमांकाशी ताडून बघा. जुळला नाही तर ती ओबी बहुधा दुसऱ्याच प्रतीची.

घरी आणल्यावर एलपी आतल्या पाकिटासकट कव्हराबाहेर काढा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कव्हराच्या मागे ठेवा. मग ऐकताना दर वेळी ओबीला हात लावावा लागत नाही.