घरामागची पडीक जागा

गूगल अर्थमध्ये जुनी उपग्रहचित्रं बघायची सोय आहे. पट्टी मागे सरकवत नेली की वर्षं उलटी जातात. गेल्या रविवारी दुपारी मी आमच्या जुन्या घरामागची जागा शोधली आणि ती पट्टी दहा-बारा वेळा मागेपुढे केली. एका टोकाला हिरवट-तपकिरी ठिगळ, दुसऱ्या टोकाला नुसती छपरं. मध्ये एकदम काही घडलेलं दिसतच नाही. कोपऱ्यातून एक कच्चा रस्ता आत शिरतो, मग दोन चौकोन, मग चार. हे सगळं होत असताना मी तिथेच राहत होतो, आणि मला पत्ता नाही!

त्या जागेला आम्ही कधी हिरवाई वगैरे म्हटलं नाही. बाबा ‘पडीक’ म्हणायचे, आई ‘तिकडे साप असतात’ म्हणायची. गुडघाभर गवत, काटेरी झुडपं आणि मधोमध पावसात भरणारं एक डबकं. डबक्यात बेडकांची अंडी असायची, बुळबुळीत गोळ्यात काळे ठिपके. एकदा मी ती बरणीत भरून आणली. शेपटीवाली पिल्लं झाली, त्यांना पाय फुटायला लागले, तेव्हा आईने सगळं परत सोडून यायला लावलं. मागचे पाय आधी फुटतात, पुढचे नंतर. शाळेच्या पुस्तकात हे बऱ्याच उशिरा आलं.

गंमत म्हणजे हिशोब मांडायला बसलं तर गावातली हिरवाई वाढलेली निघेल. तेव्हा एकही बाग नव्हती, आता तीन आहेत. पडीक जागा कुणाच्या मोजणीतच नव्हती, त्यामुळे ती गेली तेव्हा वजाबाकीही झाली नाही.

त्यातली एक बाग त्याच जागेच्या कोपऱ्यात आहे. पेव्हर ब्लॉक, बारीक कापलेलं लॉन आणि झाडांच्या बुंध्यांना भिडलेलं सिमेंट. हे सिमेंट बघितलं की माझं डोकं फिरतं. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. आपण वीतभर आळं सोडतो आणि झाड वाळलं की कीड लागली म्हणतो. डबकं बुजवून तिथे पार्किंग केलंय. उतार मात्र अजून त्याच बाजूला आहे, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की पाणी सवयीने तिथेच येतं आणि लोक गाड्या हलवायला धावतात.

डॅनियल पॉली नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञाने 1995 साली एका छोट्या लेखात लिहिलं होतं, की प्रत्येक पिढीतले शास्त्रज्ञ आपल्या उमेदवारीच्या काळात जेवढे मासे होते तेवढेच मुळात होते असं धरतात आणि घट तिथून पुढची मोजतात. आधीचं काय गेलं, ते हिशोबातच येत नाही. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा पुतण्या आठवला. तो त्या बागेला ‘जंगल’ म्हणतो. मी मनातल्या मनात हसलो होतो त्याला.

संध्याकाळी बाबांना फोन केला, डबक्याची आठवण काढली, जरा हळहळलो.

“अरे, ते डबकं कसलं,” बाबा म्हणाले. “आपल्या ओळीतली घरं बांधताना भरावाला माती तिथूनच काढली होती. तो खड्डा तसाच राहिला.”

“आणि त्याआधी तिथे काय होतं?”

“झाडी होती की. दिवसासुद्धा पलीकडचं दिसायचं नाही.” मग त्यांनी विचारलं, जेवलास का.