सेल टाकायला काय अक्कल लागते? – आमची वाटचाल

आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान साताऱ्यात राजपथावर. वडिलांनी टाकलं तेव्हा सगळं काम चावीच्या घड्याळांचं, एचएमटीची जनता, पायलट, त्यांचं ऑइलिंग आणि बॅलन्स चक्राचं काम. मग १९८७ ला टायटन आली, बघता बघता प्रत्येकाच्या हातात सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ, आणि जुनी कारागीर मंडळी म्हणायला लागली की आता धंदा संपला, सेल टाकायला काय अक्कल लागते. हे वाक्य मी अजून काउंटरवर ऐकतो आणि अजून चिडतो, म्हणून हे लिहायला बसलोय.

वडिलांचे भागीदार होते, त्यांना सगळी पेठ मामा म्हणायची. क्वार्ट्झचं काम मी मामांकडून शिकलो. हॅकसॉचं ब्लेड घासून त्यांनी केलेली झाकण उघडायची सुरी अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, नंतर बर्जन कंपनीचा ओपनर घेतला तरी दाबाच्या झाकणाला मी तीच सुरी घेतो कारण तिची धार कुठे थांबते ते हाताला माहितीये. मामांचा नियम, सेलला उघडं बोट लावायचं नाही आणि लोखंडी चिमट्याने दोन्ही बाजूंनी धरायचा नाही, शॉर्ट होतो, प्लॅस्टिकचाच चिमटा. आणि स्क्रू ड्रायव्हर कॉइलच्या बाजूने कधीच न्यायचा नाही. कॉइलची तार केसाहून बारीक, जरा घसरला की मशीन गेलं, गिऱ्हाईक म्हणणार सेल टाकायला दिलं होतं बंद करून दिलं.

मधली बरीच वर्षं नीट चालली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग मोबाईल आले आणि लोकांनी हातातलं घड्याळ काढून ठेवलं. आधीच गल्ला निम्मा झालेला, त्यात आमच्या बरोबर समोर एक स्टॉल लागला, बोर्ड काय तर 'दोन मिनिटात सेल ३० रुपये'. आम्ही १२० घेत होतो. आमचा ६२६ नंबरचा सेल म्हणजे एसआर ६२६ एसडब्ल्यू, सिल्व्हर ऑक्साइड, १.५५ व्होल्ट, संपेपर्यंत व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं. समोरचा टाकायचा एजी ४ सेल, साइज तीच, पण अल्कलाइन, व्होल्टेज हळूहळू उतरत जातं, घड्याळ काही महिन्यांत बंद, आणि मेलेला सेल तसाच आत राहिला की लीक होऊन सेलला टेकणारी पत्ती आणि सर्किट खातो. झाकण बसवताना पाणी अडवणारी रबर रिंग चिमटायची, मापाचा साचा म्हणजे डाय न लावता झाकण दाबायचा प्रेस मारायचा, काच तडकायची. साताऱ्याचा पाऊस, जुलैत डायलखाली वाफ. आणि बदनाम कोण, तर घड्याळ! लोक म्हणायचे घड्याळच बोगस निघालं. आमची नेहमीची गिऱ्हाइकं, ज्यांच्या वडिलांची घड्याळं आम्ही केली, ती माझ्या डोळ्यादेखत समोर जाऊन उभी राहायची, हे मी विसरलेलो नाही. भाडं थकलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, मामांनी आपला हिस्सा मागितला नाही उलट घरून डबा आणून बसायचे.

त्यात आमच्या बाजूने उभे राहिले ते एसटीतले रिटायर कंट्रोलर साहेब. निवृत्तीला मिळालेलं टायटन, सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मशीन बदला म्हणून सांगितलेलं. मी उघडलं, पत्तीवर हिरवा क्षार होता, साफ केला, रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं, नवा सेल टाकला, घड्याळ चालू. झाकणाच्या आतून मी बारीक मार्करने तारीख लिहितो, साहेबांनी तीच तारीख डायरीत लिहून ठेवली, आणि पुढचा सेल टाकायला आले तेव्हा तीन वर्षं व्हायला आली होती. ती डायरी त्यांनी स्टँडवर सगळ्यांना दाखवली. "मालक, आता गर्दी सांभाळा," म्हणाले. आधी कंडक्टर आले, मग ड्रायव्हर, मग त्यांची घरची माणसं. पाटल्या सुटल्या. समोरचा स्टॉल आता मोबाईल कव्हर विकतो.

आता विषय निघालाच आहे तर ऐका. सेकंद काटा एकदम चार-चार सेकंद उडी मारायला लागला तर घड्याळ बिघडलेलं नाही, बऱ्याच क्वार्ट्झमध्ये सेल संपत आल्याची ती खूण असते, तेव्हाच या, बंद पडायची वाट बघू नका. सेल टाकणाऱ्याला पाकीट दाखवायला सांगा, एसआर म्हणजे सिल्व्हर ऑक्साइड आहे का एलआर म्हणजे अल्कलाइन ते बघा, जो पाकीट दाखवत नाही त्याच्याकडून उठा. डिजिटल कॅसिओला सेल टाकून डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका, आत एसी लिहिलेला पॉइंट असतो, तो सेलच्या प्लसला क्षणभर टेकवून रिसेट करावा लागतो, ज्याला हे माहीत नाही तो तुम्हाला नवीन घड्याळ विकेल. वापरात नसलेलं घड्याळ कपाटात ठेवणार असाल तर सेल काढूनच ठेवा. आणि काढलेला सेल टेबलावर टाकू नका, विशेषतः २०३२ सारखा मोठा लिथियम, लहान पोराने गिळला तर अन्ननलिका जळते, थेट दवाखाना गाठायचा. आमच्या काउंटरवर जुन्या सेलसाठी झाकणाची बरणी आहे, सेल दुसरीकडे बदलला असला तरी त्यात आणून टाका, पैसे लागत नाहीत.