रिचमंडांची पत्रं
दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे लहानपणी पाठ करून घेतलेलं, पण लिहिणारे जाऊन शंभरेक वर्षं झाली की हा नियम सैल होतो असं मी आपलं धरून चाललोय. त्यात न्यूझीलंडच्या रिचमंड आणि अ‍ॅटकिन्सन या एकमेकांत सोयरिकी झालेल्या घरांची पत्रं म्हणजे, १९६० मधे दोन जाडजूड खंड छापले तरी ती निवडकच! एवढं लिहायला वेळ कुठून मिळायचा देव जाणे.

जेम्स रिचमंड इंग्लंडात ब्रुनेल या नामांकित इंजिनियरच्या हाताखाली काम केलेला रेल्वे इंजिनियर. १८५१ ला भाऊ हेन्रीबरोबर न्यूझीलंडच्या तारानाकी भागात पोचला आणि हातात आली कुऱ्हाड. रूळ नाहीत, धड बंदर नाही, तिथल्या न्यू प्लिमथ गावाला जहाज लांब उभं करून सामान लाटांतून होड्यांनी किनाऱ्याला आणायचं. शेती म्हणजे आधी जंगल पाडा, वाळलं की पेटवा, मग उरलेल्या बुंध्यांमधून गवताचं बी फेकत जा. इतकं शिकून हे? असं आपल्याकडच्या एखाद्या काकांनी नक्की विचारलं असतं. आणि १८५३ ला, म्हणजे त्याची बहीण मारिया तिकडे आली त्याच वर्षी, आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली, तेव्हा इंजिनियरला काम नव्हतं असं काही नाही.

मारियाची पत्रं मला जास्त आवडतात. नोकरचाकरांत वाढलेली बाई इथे स्वतः पाव भाजते, फरशा घासते आणि मैत्रिणीला कळवते की नुसती बसून दुसऱ्यांना कामं सांगायचे त्यापेक्षा मी आता जास्त इज्जतदार आहे. पत्र पोचायलाच तीन-चार महिने, उत्तर येईपर्यंत विचारलेलं काय होतं तेच विसरायला व्हायचं, तरी ही लिहितेच आहे.

पण वाचता वाचता एक गोष्ट टोचायला लागते. मूळ जमीन माओरींची, म्हणजे तिथल्या आधीपासूनच्या रहिवाशांची, आणि ते विकत का नाहीत याची चिडचिड याच पत्रांत, घरकामाच्या गप्पांच्या शेजारी, अगदी सहज येते. वाइताराची जमीन विकायची नाही असं ‘ते आती आवा’ या माओरी जमातीचे प्रमुख विरेमु किंगी सांगत होते, सरकार रेटतच राहिलं आणि मार्च १८६० ला युद्ध पेटलं. तेव्हा माओरींचं खातं कुणाकडे? जेम्स-मारियाचा थोरला भाऊ विल्यम रिचमंड! म्हणजे घरातल्या तक्रारी थेट मंत्र्याच्या टेबलावर, आणि इथे माझं या मंडळींवरचं प्रेम बरंच आटतं.

या दोन घरांनी जंगलात वसवलेल्या हरवर्थ वस्तीमधली बहुतेक घरं या युद्धात गेली. बायकामुलांना नेल्सनला हलवायला लागले तर मारिया जायलाच तयार नाही. हॅरी अ‍ॅटकिन्सनचं घर वाचलं, तो पुढे चार वेळा पंतप्रधान झाला. जेम्सनेही शेती सोडून राजकारण धरलं, मंत्री झाला, फावल्या वेळात जलरंगात निसर्गचित्रं काढत राहिला. तारानाकीत पहिली रेल्वे आली ती १८७५ ला, न्यू प्लिमथहून त्याच वाइताराला.