नायट्रो गाडीचं आयडल चढतंय? सुयांना लगेच हात लावू नका

गेले तीन रविवार माझी १/८ बग्गी (रिमोटवर चालणारी, नायट्रो इंधनाच्या इंजिनाची छोटी मॉडेल गाडी) ग्राउंडवर एकच त्रास देत होती. थ्रॉटल सोडला की इंजिन खाली यायचंच नाही, पाच-सहा सेकंद तसंच कोकलत राहायचं, मग एकदम उतरायचं आणि बंद. परत ग्लो इग्नायटर (प्लगची तार तापवणारं बॅटरीचं साधन) लावा, परत दोरी ओढा. पॉइंट २१ (०.२१ घन इंच) चं इंजिन आहे, साडेतीन सीसी, आणि याच इंजिनने मागचा अख्खा सीझन कुरकुर न करता काढलाय, म्हणून जास्तच वाईट वाटत होतं.

आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) चढून राहतंय म्हणजे मिश्रण लीन (हवा जास्त, इंधन कमी), हे बरोबरच. मग आपण काय करतो, लो स्पीड नीडल, म्हणजे कमी वेगाला इंधन किती जावं हे ठरवणारी कार्बोरेटरची सुई, थोडी सोडतो, रिच (इंधन जास्त) करतो. मीही केलं. पण गाडी थंड असताना बरी चालायची आणि तापली की परत तेच. मग पिंच टेस्ट केली. इंजिन नीट गरम करून आयडलला ठेवायचं, कार्बोरेटरजवळ फ्युएलची नळी चिमटीत दाबायची आणि मोजायचं. दोन-तीन सेकंदांत आवाज जरासा चढून बंद पडलं तर सुई जागेवर आहे. दाबल्या दाबल्या बंद म्हणजे लीन, बराच वेळ चढत राहिलं तर रिच. माझं एकदा लगेच बंद पडलं आणि पुढच्या वेळी सहा सेकंद चाललं, सुईला हातही न लावता! इथेच कळायला हवं होतं की दोष सुईत नाही, कुठून तरी हवा आत जातेय.

घरी येऊन गाडी स्टँडवर चालू केली आणि कार्बोरेटरच्या मानेशी आफ्टर-रन ऑइलचा (गाडी चालवून झाल्यावर इंजिनात घालतात ते तेल) एक थेंब सोडला. थेंब सर्रकन आत ओढला गेला आणि आवाज लगेच खाली आला. कार्ब काढला तर खालची ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) चपटी झालेली, एका बाजूला बारीक चीर. दहा मिनिटांचं काम होतं हो.

नवी रिंग टाकली, बॅकप्लेटचे (इंजिनाच्या मागच्या झाकणाचे) स्क्रू आवळले, टाकीच्या झाकणाचं रबर आणि मफलरकडून येणारी प्रेशरची नळी पण बघून घेतली, कारण तिथे गळती असली तरी टाकीत प्रेशर टिकत नाही आणि लक्षणं अशीच फसवी दिसतात. ग्लो प्लगची तार पांढुरकी पडली होती, तोही बदलला. मग सगळ्या सुया फॅक्टरी सेटिंगला आणून आधी हाय स्पीड, मग लो स्पीड, आयडलचा स्क्रू सगळ्यात शेवटी, आणि एका वेळी फक्त १/८ फेरा फिरवायचा, जास्त नाही.

काल पूर्ण थ्रॉटलवरून आणून उभी केली, अर्धा मिनिट शांत गुरगुरत उभी होती. फक्त चाकं किंचित पुढे सरकतायत, म्हणजे आयडललाही क्लच थोडा पकडतोय, आता क्लचच्या स्प्रिंगा उघडून बघायला लागणार.